मालवाहतुकीची भाषा: कुठपर्यंत तुझं, कुठून माझं

“बॉक्स रोल झालाय, नवीन ईटीए उद्या कळवते. बीएल सरेंडर झालं का? आणि फ्री डेज बघून ठेवा, नाहीतर डिटेन्शन लागेल.”

पहिल्यांदाच बाहेरून माल मागवणाऱ्या माणसाला असा मेसेज गेला की त्यातला एकच शब्द त्याला नीट कळतो, तो म्हणजे ‘नाहीतर’. माझं काम फॉरवर्डरकडे, म्हणजे मालवाहतुकीची व्यवस्था लावणाऱ्या कंपनीत, कागदपत्रांच्या टेबलावरचं. असे मेसेज मी दिवसाला वीसेक तरी पाठवते. समोरून “म्हणजे नक्की काय?” असा फोन आला की लक्षात येतं, आपण मराठीत बोलत होतो हा फक्त आपला समज होता.

या धंद्यातले शब्द तांत्रिक वाटतात, पण बहुतेक शेताच्या बांधासारखे आहेत. इथपर्यंत तुझं, इथून पुढे माझं, एवढंच सांगतात. माल पुढे सरकतो तसे हात बदलतात, आणि काही बिनसलं तर पैसे कोणाचे जाणार हे ठरवणारा एकेक शब्द प्रत्येक हातबदलाशी रोवलेला असतो. आद्याक्षरांची लांबलचक रूपं पाठ करत बसू नका. बांध कुठे आहे ते कळलं की पुष्कळ झालं.

उदाहरणाला एक लहानशी खेप घेऊ. दिव्यांच्या कागदी शेड्स, ५० खोकी. प्रत्येक खोकं ६० बाय ५० बाय ४० सेंटिमीटर, वजन ७ किलो. ही खेप सोबत घेऊनच पुढे जाऊ.

कोण कोणाचा माणूस

माल पाठवणारा तो शिपर किंवा कन्साइनर, ज्याच्या नावे जातो तो कन्साइनी. कागदावर आणखी एक रकाना असतो, नोटिफाय पार्टी. जहाज पोहोचत असल्याची खबर याला द्यायची. त्याला खबर मिळते, नुसत्या त्या रकान्यामुळे मालावर हक्क मिळत नाही. हा फरक पुढे बिल ऑफ लेडिंग या जहाजी मालाच्या कागदाशी आलो की कामाला येईल.

माल वाहून नेण्याची जबाबदारी घेतो तो कॅरियर. मग तो जहाजवाला असो, विमानवाला की ट्रकवाला. फॉरवर्डर हा साऱ्यांची मोट बांधणारा: जहाजात जागा घेतो, ट्रक ठरवतो, कागद तयार करतो. त्याच्याच घरातला एक प्रकार म्हणजे एनव्हीओसीसी. अक्षरं भीतिदायक, अर्थ सोपा: स्वतःचं जहाज नसलेला कॅरियर. तो शिपिंग लाइनकडून, म्हणजे जहाज कंपनीकडून, घाऊक जागा घेतो, किरकोळीने विकतो आणि स्वतःच्या नावाने बिल ऑफ लेडिंग देतो. म्हणजे लाइनच्या नजरेत तो गिऱ्हाईक आणि तुमच्या नजरेत वाहतूकदार.

ट्रकच्या धंद्यात ब्रोकर भेटतो. तो माल आणि गाडी यांची गाठ घालून देतो, गाडी त्याची नसते. मालाचं काही झालं तर “मी फक्त गाडी लावून दिली” हे त्याचं ठरलेलं उत्तर, आणि करार तसा असेल तर ते कायद्याने बरोबरही असतं. म्हणून समोरच्याला पहिल्याच फोनवर विचारावं: तुम्ही कॅरियर म्हणून बोलताय की ब्रोकर म्हणून? थ्रीपीएल म्हणजे गोदाम, पॅकिंग, वाहतूक असं बरंच काही तुमच्या वतीने सांभाळणारी बाहेरची कंपनी. फोरपीएल अशा कंपन्यांवर देखरेख करते. त्यापुढचे आकडे मला तरी जाहिरातीपुरतेच वाटतात.

सात किलोचं खोकं वीस किलोचं कसं होतं

नवख्या माणसाचा पहिला खटका इथे उडतो. खोक्याचं वजन ७ किलो, ५० खोक्यांचं ३५० किलो. विमानाने पाठवायचं म्हटलं की कोटेशन येतं १,००० किलोचं. फसवणूक झाली असंच वाटतं.

विमानात किंवा जहाजात वजन संपतं तशी जागाही संपते. हलका पण ऐसपैस माल जागा खाऊन बसतो, म्हणून त्याला जागेच्या हिशोबाने वजन लावतात. हे व्हॉल्युमेट्रिक वजन. विमानवाहतुकीतला सर्वसाधारण नियम असा की लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि ६,००० ने भागायचं. आपलं खोकं: ६० गुणिले ५० गुणिले ४० म्हणजे १,२०,०००, भागिले ६,००० म्हणजे २० किलो. कुरियर कंपन्या बहुधा ५,००० ने भागतात, मग तेच खोकं २४ किलोचं होतं. खरं वजन आणि हे वजन यांतलं जे जास्त, ते चार्जेबल वजन. भाडं त्यावर.

समुद्रात हिशोब ढिला आहे. तिथे १ घनमीटर म्हणजे १ टन धरतात, आणि जे जास्त भरेल त्याला रेव्हेन्यू टन म्हणतात. आपलं एक खोकं ०.१२ घनमीटर, पन्नास म्हणजे ६ घनमीटर. वजन जेमतेम ०.३५ टन. भाडं लागणार ६ रेव्हेन्यू टनांचं. उलट नटबोल्ट पाठवले असते तर घनमीटरभर जागेत तीन टन सहज बसले असते आणि भाडं तीन टनांचं झालं असतं. शेड्स एकात एक बसतील अशा घडवल्या तर खोक्यांची संख्या निम्म्यावर येऊ शकते. भाड्यात घासाघीस करण्याआधी खोक्याची उंची चार सेंटिमीटरने कमी होते का ते बघावं, असं मी सगळ्यांना सांगते. कमीच लोक ऐकतात.

ग्रॉस, टेअर आणि नेट हे तीन शब्द वजनकाट्यावरचे. भरलेलं सगळं मिळून ग्रॉस, रिकाम्या भांड्याचं म्हणजे कंटेनरचं किंवा गाडीचं टेअर, उरलं ते नेट. आणि ‘टन’ ऐकलं की कोणता ते विचारा. मेट्रिक टन १,००० किलोचा, अमेरिकी शॉर्ट टन सुमारे ९०७ किलोचा, ब्रिटिश लाँग टन सुमारे १,०१६ किलोचा.

पेटी, तिचं माप आणि तिचा नंबर

२६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ नावाचं, मुळात तेल वाहणारं जहाज ५८ धातूच्या पेट्या घेऊन अमेरिकेतल्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. माल्कम मॅकलीन हा मूळचा ट्रकवाला. त्याला उमगलं होतं की धक्क्यावर पोतं न् पोतं उचलून ठेवण्यातच वेळ आणि पैसा जातो. ट्रकवरची अख्खी पेटीच उचलून जहाजावर ठेवली तर? आजचा कंटेनर त्या कल्पनेचा वारस आहे.

आज मापं जगभर ठरलेली आहेत. २० फूट आणि ४० फूट लांब, ८ फूट रुंद, साडेआठ फूट उंच. एक फूट जास्त उंच असेल तर हायक्यूब. २० फुटी पेटी म्हणजे एक टीईयू, ४० फुटी म्हणजे दोन. जहाजाची क्षमता टीईयूतच मोजतात. सर्वांत मोठी जहाजं २४ हजार टीईयूंच्या आसपास नेतात. थंडाव्यातला माल नेणारी पेटी रीफर, छताऐवजी ताडपत्री असलेली ओपन टॉप, मापात न मावणारी यंत्रं नेण्यासाठी छत आणि बाजू नसलेली फ्लॅट रॅक.

२० फुटी पेटीत हिशोबाने ३३ घनमीटर मावतात. खोक्यांच्या फटी धरल्या तर प्रत्यक्षात २५ ते २८. आपले ६ घनमीटर तिच्या कोपऱ्यातच बसतील. मग दोन वाटा. सगळी पेटी आपल्या नावाने घ्यायची, ती एफसीएल. किंवा इतरांच्या मालाबरोबर वाटून घ्यायची, ती एलसीएल. एलसीएल माल सीएफएस नावाच्या गोदामात गोळा होतो, तिथे एकत्र भरतात आणि पलीकडच्या सीएफएसमध्ये पुन्हा सोडवतात. लहान खेपेला हे परवडतं, पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. शेजारच्या कोणाच्या कागदात खोट निघाली आणि कस्टम्सने पेटी अडवली की तुमच्या शेड्सही अडकल्या. शिवाय खोकी दोन वेळा जास्त हाताळली जातात. म्हणून माल साधारण निम्मी पेटी भरायला आला की एफसीएलचं कोटेशन मागवून बघावं.

पेटीचा नंबर हा माझा आवडता विषय, म्हणून जरा थांबते. नंबरात चार अक्षरं, सहा आकडे आणि चौकटीत एक शेवटचा आकडा असतो. पहिली तीन अक्षरं मालकाची. ती पॅरिसच्या कंटेनर ब्युरोकडे नोंदवलेली असतात. चौथं अक्षर मालाच्या पेट्यांना ‘यू’. शेवटचा चौकटीतला आकडा तपासणीचा. सीएसक्यूयू ३०५४३८ हा नमुन्याचा नंबर घ्या. अक्षरांना ठरलेल्या किमती आहेत: ए म्हणजे १०, पुढे ११, २२ आणि ३३ गाळून मोजत जायचं. त्यामुळे सी १३, एस ३०, क्यू २८, यू ३२. आता दहाही किमतींना ओळीने १, २, ४, ८ असं दुप्पट करत ५१२ पर्यंत गुणायचं आणि बेरीज करायची. बेरीज येते ६,१८५. अकराने भागून बाकी उरते ३, आणि तोच चौकटीतला आकडा. कोणी फोनवर ऐकून ३८ च्या जागी ८३ लिहिलं तर बाकी ३ येत नाही, आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते. ट्रॅकिंगच्या वेबसाइटने ‘चुकीचा नंबर’ म्हटलं की तिच्यावर चिडू नका, तिने हेच गणित केलेलं असतं.

धक्क्यापर्यंतचा रस्ता

ट्रकच्या दुनियेतली एफटीएल आणि एलटीएल ही एफसीएल-एलसीएलची भावंडं: अख्खी गाडी की वाटून घेतलेली गाडी. एलटीएलचा माल थेट जात नाही, वाटेत टर्मिनलांवर उतरत-चढत जातो. ‘क्रॉस-डॉक’ म्हणजे एका दारातून उतरलेला माल गोदामात न साठवता समोरच्या दारातल्या गाडीत चढवणं.

मोठ्या गाडीचं इंजिनाचं डोकं वेगळं आणि मागचा सांगाडा वेगळा असतो. डोक्याला ट्रॅक्टर म्हणतात. नांगरटीचा ट्रॅक्टर डोळ्यांपुढे येऊ देऊ नका. मागचा भाग ट्रेलर, आणि कंटेनर ठेवायचा नुसता सांगाडा ती चॅसी. ट्रेलरच्या पोटाखाली खुंटीसारखा किंगपिन असतो, तो ट्रॅक्टरवरच्या फिफ्थ व्हील नावाच्या तबकडीत अडकतो. ट्रेलरशिवाय ट्रॅक्टर एकटाच फिरत असेल तर त्याला बॉबटेल म्हणतात. बंदर ते जवळचं गोदाम अशा छोट्या फेरीला ड्रेयेज. ड्रे म्हणजे पूर्वीचा ओझ्याचा घोडागाडा.

ट्रकवाल्याचं अर्थकारण दोन शब्दांत कळतं. रिकाम्या फेरीला डेडहेड म्हणतात: डिझेल जळतं, भाडं मिळत नाही. परतीला मिळालेला माल तो बॅकहॉल. रिकामं परतण्यापेक्षा काहीतरी मिळालेलं बरं, म्हणून परतीचं भाडं बहुधा स्वस्त. त्याच रस्त्याला जाताना एक दर आणि येताना दुसरा का, याचं उत्तर हेच.

गोदामात गाडी उभी असताना माल भरला तर लाइव्ह लोड. भरलेला ट्रेलर तयार असेल, आणि ड्रायव्हरने फक्त रिकामा सोडून भरलेला जोडला, तर ड्रॉप अँड हुक. फरक मिनिटांचा वाटतो, पण ड्रायव्हरच्या तासांना कायद्याची मर्यादा असते. अमेरिकेत कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आतच गाडी चालवता येते, तीही जास्तीत जास्त ११ तास. युरोपात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची. गोदामाच्या दारात चार तास ताटकळला की त्या दिवसाची कमाईच गेली. म्हणून ट्रकवाले ठरावीक वेळेनंतर थांबण्याचे पैसे लावतात आणि त्याला डिटेन्शन म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटेल आणि वेगळ्या वेषात भेटेल.

बंदराशी पोहोचायची शेवटची वेळ ती कट-ऑफ. तिच्याआधी भरलेल्या पेटीचं पडताळलेलं वजन, म्हणजे व्हीजीएम, द्यावंच लागतं. १ जुलै २०१६ पासून समुद्रसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ते बंधनकारक आहे. एकतर भरलेली पेटी काट्यावर चढवा, नाहीतर माल, पॅकिंग आणि पेटीचं टेअर यांची बेरीज द्या. कारण असं की पेट्या एकावर एक रचतात. खोटं हलकं वजन सांगितलेली जड पेटी वरच्या थरात गेली तर सगळी रास ढासळू शकते.

एवढं करूनही पेटी जहाजावर चढेलच असं नाही. विमानांसारखं जहाजांचंही जास्तीचं बुकिंग होतं. जागा संपली की काही पेट्या पुढच्या जहाजावर ढकलतात. तेच ‘रोल होणं’. जहाज त्या बंदराला आलंच नाही, फेरीच रद्द झाली, तर ब्लँक सेलिंग. वाटेत दुसऱ्या जहाजावर चढवणं हे ट्रान्सशिपमेंट. ईटीडी आणि ईटीए या निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या अंदाजे तारखा. ‘अंदाजे’ हा शब्द त्यात लिहिलेलाच आहे, पण तो वाचायचा कोणाला नसतो.

तीन कागद, पण हक्क एकच

बिल ऑफ लेडिंग, म्हणजे बीएल, हा या धंद्यातला सर्वांत वजनदार कागद. तो एकाच वेळी तीन कामं करतो. माल ताब्यात घेतल्याची पावती, वाहतुकीच्या कराराचा पुरावा, आणि तिसरं काम सर्वांत महत्त्वाचं: मालाच्या हक्काचा दस्त. ‘टू ऑर्डर’ लिहिलेलं, म्हणजे सही करून पुढच्याला देता येणारं, मूळ बीएल ज्याच्या हाती कायदेशीर मार्गाने आणि सही होत आलं, तोच माल मागू शकतो. म्हणून माल समुद्रात असतानाच विकता येतो, बँकेकडे ठेवता येतो. कागद हलला की माल हलला.

मूळ प्रती बहुधा तीन निघतात. टपालात एखादी गहाळ होईल या जुन्या धास्तीतून आलेली ही प्रथा. तिन्हींवर अशा अर्थाची ओळ असते की एका प्रतीवर माल दिला की उरलेल्या रद्द. म्हणजे तिन्ही कागद सारखेच खरे, आणि पहिला पोहोचला तो जिंकला. एक प्रत आपल्याजवळ ठेवून “बाकीच्या दोन पाठवल्या” म्हणणारा विक्रेता म्हणूनच अस्वस्थ करतो.

आता अडचण अशी की जवळच्या प्रवासात जहाज कागदाच्या आधी पोहोचतं. माल धक्क्यावर, बीएल कुरियरच्या पिशवीत. त्यावर तोडगा म्हणजे सरेंडर: विक्रेता मूळ प्रती माल चढवल्या बंदरावरच परत करतो, लाइन पलीकडच्या कार्यालयाला कळवते, आणि तिकडे मूळ कागदाशिवाय माल सुटतो. याला टेलेक्स रिलीज म्हणतात. टेलेक्सची यंत्रं कधीच भंगारात गेली, निरोप ईमेलने जातो, नाव मात्र राहिलं. पैसे हाती येण्याआधी विक्रेत्याने सरेंडर करणं म्हणजे लगाम सोडून घोडा आवरण्यासारखं. विमानाच्या एअर वेबिलमध्ये ही भानगड नसते. ते पावती आणि कराराचा पुरावा असतं, हक्काचा दस्त नसतं. त्यावर ज्याचं नाव, त्याला माल.

एलसीएलमध्ये बीएलही दोन. शिपिंग लाइन एनव्हीओसीसीला देते ते मास्टर, आणि एनव्हीओसीसी तुम्हाला देतो ते हाउस. शेड्सच्या हाउस बीएलवर तुमचं नाव असेल, मास्टरवर नसेल. लाइनला फोन करून “माझा माल कुठे आहे” विचारलं तर ते तुम्हाला ओळखणार नाहीत, यात त्यांचा काही दोष नाही.

बीएलवरचे दोन शेरेही समजून घ्या. माल किंवा वेष्टन खराब दिसलं म्हणून कॅरियरने नोंद केली तर ते क्लॉज्ड बीएल, नोंद नसेल तर क्लीन. बँकांना क्लीनच लागतं. दुसरा शेरा ‘सेड टू कंटेन’, म्हणजे आत अमुक आहे असं पाठवणारा म्हणतो, आम्ही उघडून पाहिलेलं नाही. सीलबंद पेटीबाबत कॅरियरने आखून ठेवलेला हा बांधच.

एफओबी आणि सीआयएफ: बांध दिसतो एकीकडे, असतो दुसरीकडे

विकणारा आणि घेणारा यांच्यातल्या सीमा इन्कोटर्म्स ठरवतात. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने १९३६ मध्ये हे नियम पहिल्यांदा काढले. चालू आवृत्ती २०२० ची, तीत ११ नियम आहेत. अकराच्या अकरा समजावत बसत नाही. एका टोकाला ईएक्सडब्ल्यू: माल माझ्या दारात ठेवलाय, घेऊन जा. दुसऱ्या टोकाला डीडीपी: कर, जकात सगळं भरून तुमच्या दारात आणून देतो. बाकीचे मधले.

खरी गंमत सीआयएफची. यात जहाजाचं भाडं आणि विमा विक्रेता भरतो, पोहोचण्याच्या बंदरापर्यंत. साहजिकच घेणाऱ्याला वाटतं की तिथपर्यंत माल विक्रेत्याच्या जोखमीवर येतोय. तसं नाही! खर्चाचा बांध पलीकडच्या बंदरावर, पण जोखमीचा बांध अलीकडच्या: माल जहाजावर चढला की जोखीम घेणाऱ्याची. एफओबीमध्येही जोखीम तिथेच बदलते, फक्त भाडं घेणारा देतो. समुद्रात खोकी भिजली तर सीआयएफवाल्या घेणाऱ्यानेच विक्रेत्याने काढलेल्या विम्यावर दावा करायचा. आणि तो विमा, वेगळं ठरलं नसेल तर, किमान संरक्षणाचा असला तरी चालतो; नुसतं पाणी लागून भिजलेलं खोकं त्यात बसेलच असं नाही.

दुसरी मेख कंटेनरची. पेटी विक्रेत्याने टर्मिनलच्या यार्डात दिली, ती चार दिवस तिथेच पडली आणि मग चढली. या चार दिवसांत क्रेनने ठोकली तर? एफओबीप्रमाणे जोखीम अजून विक्रेत्याची, पण पेटी त्याच्या हातातून केव्हाच गेलेली. म्हणून कंटेनरसाठी एफसीए वापरा, म्हणजे कॅरियरकडे माल सोपवताच जोखीम सुटते, असं मंडळ स्वतःच सांगतं. सवयीने सगळे एफओबीच लिहितात. भर घालायला अमेरिकेतल्या देशांतर्गत व्यवहारात ‘एफओबी डेस्टिनेशन’ असा वेगळ्याच अर्थाचा प्रयोग आहे. म्हणून करारात नुसतं एफओबी लिहू नये. पुढे बंदराचं नाव आणि ‘इन्कोटर्म्स २०२०’ हेही लिहावं.

घड्याळ सुरू झालं

माल पोहोचला की सर्वांत जास्त भांडणं ज्या दोन शब्दांवरून होतात ते म्हणजे डेमरेज आणि डिटेन्शन. डेमरेज ऐकायला ‘डॅमेज’सारखं असल्यामुळे काही लोक ती नुकसानभरपाई समजतात आणि आपल्याला पैसे मिळणार म्हणून खूश होतात. हा शब्द उशिराचा आहे, आणि पैसे आपणच द्यायचे असतात.

भरलेली पेटी टर्मिनलच्या आत मुदतीपेक्षा जास्त पडून राहिली तर डेमरेज. बाहेर नेलेली पेटी रिकामी करून वेळेत परत दिली नाही तर डिटेन्शन. फाटक हा बांध. समजा पेटी १ तारखेला उतरली आणि पाच दिवस फ्री, म्हणजे बिनदंडाचे, आहेत. कागद अडले, पेटी ८ ला बाहेर पडली: ६, ७ आणि ८ असे तीन दिवस डेमरेज. आता रिकामी परत द्यायला चार दिवस फ्री, म्हणजे ९ ते १२. परत गेली १४ ला: दोन दिवस डिटेन्शन. काही लाइन दोन्ही मिळून एकच मुदत देतात, सुट्ट्या मोजायच्या की नाही हेही ज्याचं त्याचं वेगळं. दर बहुधा पायरीपायरीने चढतात; उशीर वाढेल तसा दिवसाचा दरही वाढतो. टर्मिनलचं जागाभाडं याशिवाय वेगळं असू शकतं. स्वस्त माल महिनाभर अडकला की नाकापेक्षा मोती जड होतो, आणि लोक माल सोडून देतात.

या दोन्ही शब्दांना आणखीही अर्थ आहेत. आख्खं जहाज भाड्याने घेऊन कोळसा किंवा धान्य नेतात तिथे माल चढवण्या-उतरवण्याला ठरलेला वेळ असतो, लेटाइम. तो उलटला की जहाजमालकाला द्यायचे पैसे ते डेमरेज. आणि ट्रकचं डिटेन्शन आपण मघाशी पाहिलंच. तेव्हा ‘डिटेन्शन लागलं’ म्हटलं की पहिला प्रश्न: पेटीचं की गाडीचं?

आपल्या एलसीएल शेड्सना हे पेटीचे दंड थेट लागत नाहीत, कारण पेटी सीएफएसमध्ये सोडवली जाते. उशीर केला तर गोदामभाडं मात्र लागेल.

ज्याचा काहीच दोष नाही, तोही भरतो

जनरल ॲव्हरेज हा शब्द ‘सरासरी’सारखा दिसतो आणि फसवतो. जहाजावर संकट आलं आणि सगळ्यांना वाचवण्यासाठी मुद्दाम काही खर्च किंवा त्याग केला, तर तो जहाज आणि माल यांच्या सगळ्या मालकांत, वाचलेल्या मालमत्तेच्या किमतीच्या प्रमाणात वाटला जातो. कल्पना फार जुनी. वादळात काहींचा माल समुद्रात फेकला तर त्याची भरपाई सगळ्यांनी मिळून करायची, हे तत्त्व प्राचीन रोड्स बेटाच्या नावाने ओळखलं जातं. २३ मार्च २०२१ ला ‘एव्हर गिव्हन’ सुएझ कालव्यात आडवं अडकलं आणि २९ ला सुटलं. त्यानंतर जहाजमालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केलं. जहाजावर १८ हजारांहून जास्त कंटेनर होते. अशा वेळी हिस्सा भरण्याची हमी दिल्याशिवाय धडधाकट मालही हाती येत नाही. विमा असेल तर हमी विमा कंपनी देते. नसेल तर स्वतःची रोख रक्कम अडकवावी लागते. माल स्वस्त आहे म्हणून विमा नको म्हणणाऱ्यांना मी हीच गोष्ट सांगते.

शेवटची सही

पीओडी या तीन अक्षरांनी माझी एकदा चांगलीच फजिती केली. मी एका ट्रकवाल्याला लिहिलं, “पीओडी कळवा.” मला हवी होती पोच, म्हणजे माल मिळाल्याची सही केलेली पावती, प्रूफ ऑफ डिलिव्हरी. त्याने माझ्याच बुकिंगच्या कागदावर पाहून बंदराचं नाव कळवलं, कारण तिथे पीओडी म्हणजे पोर्ट ऑफ डिस्चार्ज, माल उतरण्याचं बंदर. आम्ही दोघंही बरोबर होतो आणि त्यात दुपार गेली. तेव्हापासून मी सरळ ‘पोच पावती’ लिहिते.

ही सही हा प्रवासातला शेवटचा बांध, आणि लोक ती कुरियरची पिशवी घेताना करतात तशी करून मोकळे होतात. छापील मजकूर बहुधा ‘माल सुस्थितीत मिळाला’ असा असतो. त्याखाली नुसती सही केली की पुढे नुकसान सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. दिसणारं नुकसान तिथेच लिहायचं. न दिसणाऱ्यासाठी मुदती आहेत, आणि त्या छोट्या आहेत: समुद्रवाहतुकीत हेग-व्हिस्बी नियमांनुसार लेखी सूचना तीन दिवसांत, विमानाच्या माँट्रियल करारात १४ दिवसांत. समुद्राच्या बाबतीत सूचना हुकली तरी दावा लगेच मरत नाही, पण पुरावा तुम्हालाच जमवावा लागतो, आणि दावा लावायची मुदत एक वर्ष. भरपाईलाही कमाल मर्यादा असते. म्हणूनही वेगळा विमा लागतो.

तर आपल्या शेड्स आल्या. ड्रायव्हर घाईत आहे, कागद पुढे करतोय. खोकी मोजा, चारही बाजूंनी बघा, फोटो काढा. मग त्याच्यासमोर, त्याच्याच प्रतीवर लिहा: ‘खोकी ५०. दोन ओली, एकाचा कोपरा दबलेला. आतला माल तपासणं बाकी.’ तारीख आणि वेळ टाका. मग सही करा.